चुरी टीचरांचा पहिला धडा

आशालता चुरी यांच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी 'येस' म्हणायला मनाई असे.

माणिकपूरला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक सभागृह आहे. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून त्याचे दोन भाग केले आहेत. लहान भागात सोसायटीचं ऑफिस आणि मोठ्या भागात संध्याकाळी टीचरांचा क्लास. मी सोसायटीचा खजिनदार. कामावरून आलो की तासभर ऑफिसात बसून पावत्या आणि व्हाउचरं लावायची, ही माझी सवय. प्लायवूडला कान नसतात, पण त्याच्या अलीकडे बसणाऱ्याला असतात. त्यामुळे टीचरांचे सगळे धडे माझे आपोआप पाठ झाले.

पहिल्या दिवशी त्या घरून चकल्यांचा डबा आणत. एकेका बाईपुढे तो धरत.

"घ्या ना."

"नो, थँक यू."

"अहो, घरच्या आहेत. एक तरी घ्या."

"नो, थँक यू, टीचर."

"असं काय करता? पहाटे उठून केल्यात हो तुमच्यासाठी. मला वाईट वाटेल."

तिसऱ्या आग्रहाला बहुतेकींचा हात डब्यात जाई. मग टीचर टाळी वाजवत. "पडली विकेट! बसा खाली. चकली खा आणि ऐका. आपल्याकडे पहिला नकार रीत म्हणून असतो, दुसरा लाज म्हणून, आणि तिसऱ्या आग्रहाला आपण वितळतो. आग्रह करणाऱ्यालाही ते माहीत असतं. पण बाहेरच्या माणसाला ही रीत माहीत नसते. त्याला तुमचं तिसऱ्या वेळचं 'बरं' तेवढं ऐकू येतं, आणि तो ते धरून बसतो."

सगळ्या हसत. पुन्हा डबा फिरे. सगळ्याजणी तीनही वेळा 'नो' म्हणेपर्यंत फिरतच राही. त्यानंतर मग गुड मॉर्निंग, हाऊ आर यू वगैरे.

या धड्यामागे एक गोष्ट होती. ती त्यांनी मला एकदा चहा घेताना सांगितली. टीचर मूळच्या वटारच्या. लग्न होऊन माणिकपूरला आल्या आणि मुंबईत एका जहाज कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. शाळेतलं इंग्रजी जेमतेम. स्विचबोर्डवर जे कानावर पडे ते जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून पुटपुटायचं, असं करून शिकल्या. नोकरीच्या सुरुवातीलाच एका साहेबांनी विचारलं, आज उशिरापर्यंत थांबाल का? नाही कसं म्हणायचं, म्हणून त्या 'आय विल सी, सर' म्हणाल्या. आपण 'बघू' म्हणतो तसं. संध्याकाळी सगळे गेले. शिपायानंही कुलूप उचललं. केबिनचा दिवा तेवढा चालू होता आणि साहेब आतून म्हणाले, "यू सेड येस." टीचर पर्स घेऊन जिन्यानं धावत सुटल्या. पुढे काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या जिन्यात उभ्या राहिल्या ते फक्त 'नो' पाठ करायला.

बाकी त्यांची शिकवण्याची तऱ्हा अगदी घरगुती. पुस्तक नाही. प्रत्येकीनं त्या दिवशी घरात बोललेलं एक वाक्य घेऊन यायचं आणि ते सगळ्यांनी मिळून इंग्रजीत करायचं. दूध उतू गेलं. गॅस बारीक कर. केळीला पाणी सोडलं का? माझा चष्मा कुठे ठेवलास? "तुमचा दिवस ज्या वाक्यांनी भरलाय ती आधी," असं त्या म्हणत. "मोठ्या गोष्टी नंतर. त्या बहुधा लागतही नाहीत."

गेल्या वर्षी भूपेश आला.

भूपेशची आई वटारची, टीचरांच्या शेजारच्या वाडीतली. त्यामुळे तो त्यांना मावशी म्हणे. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. पांढरा शर्ट, हळू आवाज, हातात मिठाईचा पुडा. आखाती देशांत घरकामाला आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला बायका पाठवण्याचं ऑफिस त्यानं काढलं होतं.

"मावशी, माझ्या बायकांची वेगळी बॅच घ्या. फार शिकवू नका. मी वाक्यं सांगतो, तेवढीच पक्की करा."

"माझी पद्धत वेगळी आहे रे. त्यांची त्या वाक्यं आणतात."

"त्यांना कुठे एवढा वेळ आहे? आणि तो नकाराचा धडा आहे ना तुमचा, तो राहू द्या. तिकडच्या मॅडमना उलट उत्तरं चालत नाहीत."

"तो तर पहिला धडा आहे. तो सोडणार नाही मी."

"मावशी, गरिबाच्या बायका आहेत. एका 'नो'पायी कोणाची नोकरी गेली तर तुम्हालाच रुखरुख लागेल."

"नको रे, भूपेश."

"आईनं सांगितलंय, आशालतामावशी नाही म्हणणार नाही. आता काय सांगू तिला जाऊन?"

मी व्हाउचरला टाचणी लावत होतो. मग टीचर म्हणाल्या, "बरं."

त्या बॅचमध्ये नंदाखालची अँजेला होती. तिशीतली, दणकट, खळखळून हसणारी बाई. तिचे वडील आग्नेल तिला सोडायला सायकलवरून येत आणि क्लास संपेपर्यंत बाहेर रिक्षा स्टँडवर गप्पा मारत बसत. महिनाभर मला पार्टिशनमधून एका सुरात ऐकू येई: "येस, मॅडम. राइट अवे, मॅडम. आय ॲम फाइन. द फूड इज गुड. नो प्रॉब्लेम, मॅडम. आय ॲम हॅपी हिअर." आठ-दहा बायका एका आवाजात आपण सुखी असल्याचं म्हणत होत्या, आणि अजून एकीनंही घर सोडलं नव्हतं. का कोण जाणे, ते ऐकताना मी पंखा बंद करून दार लोटून घेई.

अँजेला गेली. सुरुवातीला तिचे आवाजी निरोप येत, ते मराठीत. घर मोठं आहे, म्हातारी बाई किरकिरी आहे, इथला पाव आपल्यासारखा नाही. टीचर ते मला ऐकवत आणि हसत. पुढे एका रविवारी निरोप आला तो सगळा इंग्रजीत. "हॅलो टीचर. आय ॲम फाइन. द फूड इज गुड. मॅडम इज काइंड. आय ॲम हॅपी हिअर." पुढच्या रविवारी तोच. त्याच्या पुढच्याही.

टीचरांनी उलट निरोप धाडला, "अगं, मराठीत बोल ना." उत्तर आलं, "ओन्ली इंग्लिश, टीचर. मॅडम लाइक्स इंग्लिश."

त्या संध्याकाळी टीचर फोन घेऊन ऑफिसात आल्या आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. "प्रल्हादभाऊ, हे ऐका. मी हिला विचारलं, चर्चला गेली होतीस का?"

फोनमधून अँजेला म्हणाली, "नो प्रॉब्लेम, टीचर."

"विचारलं, रात्री झोप होते का?"

"आय ॲम फाइन, टीचर."

"विचारलं, हाताला काय झालं, तू धाडलेल्या फोटोत पट्टी दिसली."

इथे निरोपात बराच वेळ नुसता श्वास होता. मग, "द फूड इज गुड."

टीचर म्हणाल्या, "शेजारी कोणीतरी उभं आहे. स्विचबोर्डवर वर्षं काढली मी, माणूस एकटा बोलतोय की नाही ते कळतं मला. त्यांना समजेल अशाच भाषेत बोलायचं, असं सांगितलंय हिला. आणि त्या भाषेत हिच्याजवळ दुसरं वाक्यच नाही, भाऊ. मी दिलंच नाही."

मी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या नंदाखालला आग्नेलना भेटून आल्या. आग्नेलना आधी पटेना. "पोर बरी हाय म्हनते की," ते म्हणत राहिले. शेवटी त्यांनी सही केली आणि आम्ही दूतावासाला अर्ज पाठवला. पोचपावती आली. त्यानंतर अजूनपर्यंत काही आलेलं नाही.

भूपेशची दुसरी बॅच मात्र सुरू झाली होती. आपण सोडली तर तो ती दुसरीकडे नेईल, म्हणून टीचरांनी ती बंद केली नाही. तिच्यात वटारची रंभा होती.

रंभाचा नवरा चार पावसाळ्यांपूर्वी गेला. घरी सासरे श्रीपत, केळी-सुपारीची लहानशी वाडी, आणि दहावीतली मुलगी निधी. निधीला नर्सिंगला घालायचं, या एका गोष्टीसाठी रंभा निघाली होती. तिचा पासपोर्ट भूपेशनं काढून घेतला होता आणि तो त्याच्याच ऑफिसात होता. "आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, कामाचा तिथे गेल्यावर होतो," असं त्यानं सांगितलं होतं. ते कानावर आलं तेव्हा मी हातातला पेन खाली ठेवला. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईची कामवाली म्हणून कुठेच नोंद होत नाही. हे समजायला कॉमर्सची पदवी लागत नाही.

या वेळी टीचरांनी आपली पद्धत परत सुरू केली. रोज एक वाक्य घेऊन या. भूपेश मागच्या बाकावर येऊन बसू लागला.

"टीचर," रंभानं विचारलं, "'मला बरं वाटत नाही' कसं म्हनायचं?"

"ते लागणार नाही, ताई," भूपेश मागून गोड आवाजात म्हणाला.

"बरं. मग 'मला झोप आलीये'?"

"तेही नाही लागणार."

"'घरी फोन करू का?'"

"ताई, तिकडे सगळं वेळेवर होतं. विचारायचं कामच पडत नाही."

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "रंभे, तू तिथं झोपायलाच चाललीस जनू!" रंभाही हसली.

भूपेश ज्या दिवशी आला नाही त्या दिवशी डब्यातून चकल्या आल्या. बाकीच्या बायकांनी गंमत म्हणून धडा केला आणि गेल्या. रंभाला टीचरांनी थांबवून घेतलं. मी निघायच्या तयारीत होतो, पण बसून राहिलो.

"मी मॅडम आहे असं समज. यू वर्क ऑन संडे ऑल्सो. ओके?"

रंभा खाली बघून म्हणाली, "आय विल सी."

"हे कुठे शिकलीस?"

"शिकले नाय. बघू म्हनायचं होतं. टीचर, आमच्या घरात सासऱ्यांना तोंडावर नाय म्हनत नाहीत. 'बघू, बाबा' म्हटलं की त्यांना कळतं हिला नको आहे. ते मग विषय काढत नाहीत."

"सासऱ्यांना कळतं. फोनवर मुलाखत घेणाऱ्या मॅडमला कसं कळेल?"

"पन मला जायचंच आहे ना? मग नाय कशाला शिकू?"

तेव्हा टीचरांनी तिला अँजेलाचे निरोप ऐकवले. एकामागून एक, सगळे. पलीकडे रंभाच्या बांगड्यांचा आवाज होत होता तो थांबला.

"अँजेला साधी आहे, टीचर," शेवटी ती म्हणाली. "मी नाय तशी. आनि निधीचं कोन बघनार?"

"जा तू. मी अडवत नाही. पण मुलाखतीला आपण तीन गोष्टी विचारायच्या. पासपोर्ट माझ्याकडे राहील का? फोन माझ्याकडे राहील का? आठवड्यातून एक दिवस बाहेर जाता येईल का? या तिन्हींना हो आलं तर खुशाल जा. नाही आलं तर तिथल्या तिथे 'नो' म्हणायचं. तुझ्या तोंडानं. मी मध्ये बोलणार नाही. मी बोलले तर तो उद्या तुला घरी गाठेल आणि पुन्हा विचारेल."

"आनि नाय म्हनता आलं तर?"

"तर जाऊ नकोस."

रंभा म्हणाली, "धरा डबा. परत."

मुलाखत क्लासमध्येच झाली, कारण इथलं इंटरनेट चांगलं. भूपेशनं फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. टीचर खिडकीशी उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, दारात बसा. साक्षीला." म्हणून मी खुर्ची ओढून दारात बसलो. तिथून फोनचा पडदा मला दिसत होता.

पडद्यावर एक नीटनेटकी बाई आली. ती वाईट दिसत नव्हती. हसून बोलत होती. तिच्या मागे, जरा अंधारात, निळ्या झग्यातली दुसरी बाई हातात ट्रे घेऊन उभी होती.

रंभानं ठरल्याप्रमाणे विचारलं, "मॅडम, पासपोर्ट विथ मी?"

"विथ अस. सेफ. ओके?"

रंभाच्या ओठांवर ओशाळं हसू आलं. "आय विल सी."

"शी सेज येस, मॅडम," भूपेश म्हणाला.

"मॅडम, माय फोन विथ मी?"

"फर्स्ट थ्री मंथ्स, नो फोन. देन ओके. ओके?"

"आय विल सी."

"येस, मॅडम. शी इज व्हेरी हॅपी."

टीचरांनी खिडकीचा गज धरला होता. मला राहवेना, मी उठू लागलो. त्यांनी नुसत्या नजरेनं मला खाली बसवलं.

तिसरा प्रश्न रंभानं विचारलाच नाही. ती पडद्याकडे बघत होती. फोनमधली बाई पुढे झुकली. "यू कम धिस थर्सडे. गुड फॅमिली, गुड हाऊस. ओके? से ओके."

मागची बाई तशीच उभी होती. तो ट्रे कोणासाठी आणला होता कोण जाणे. ठेव असं तिला कोणी म्हणत नव्हतं, आणि ती ठेवत नव्हती. ट्रेमधला पेला हलकासा थरथरत होता.

"से ओके," बाई पुन्हा म्हणाली.

"बोला, ताई," भूपेश हळूच म्हणाला. "ओके म्हणा. मावशीही सांगतायत."

"मी काही सांगत नाहीये," टीचर म्हणाल्या.

रंभा म्हणाली, "नो, मॅडम."

"सॉरी?"

"नो. थँक यू. आय डोन्ट वॉन्ट."

फोनमधल्या बाईचं हसू जागच्या जागी थांबलं. ते गेलं नाही, फक्त थांबलं. मग पडदा काळा झाला.

भूपेश चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं फोन खिशात ठेवला, जगमधलं पाणी ओतून घेतलं आणि तो प्यायला. "घाबरलात, ताई. होतं असं. काही बिघडलं नाही, मी सांभाळून घेतो. वटारला चाललोच आहे. काकांशी बोलतो." आणि टीचरांना वाकून नमस्कार करून तो गेला. बाहेर त्याची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

रंभा एकदम उठली. "टीचर, तो बाबांना सांगेल मी हो म्हटलं म्हनून. बाबा त्याला शब्द देतील. एकदा बाबांनी शब्द दिला की..."

ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. आम्ही तिघं स्टँडवरून रिक्षा करून निघालो. गास गेलं, निर्मळ गेलं. वाटेत रंभा म्हणाली, "मराठीत मी बाबांना कधीच 'नाय' म्हटलं नाही हो, टीचर." टीचरांनी तिचा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला.

वटारला पोचलो तेव्हा वाडीच्या तोंडाशी भूपेशची मोटरसायकल उभी होती. तो ओट्यावर बसून चहा घेत होता. श्रीपत समोर पाटावर. सत्तरी ओलांडलेला, शिडशिडीत, कमी बोलणारा माणूस. दारात निधी हातात कोरा चहाचा कप घेऊन उभी होती.

"आली का?" श्रीपत म्हणाले. "रंभे, गुरवारी जायचं ठरलं म्हनतो हा. मॅडमला पसंत पडलीस म्हनतो. खरं?"

रंभानं पदर सावरला. आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं ते तिचं नेहमीचंच उत्तर होतं. "बघू, बाबा."

भूपेशनं बशी खाली ठेवली. "ऐकलंत ना, काका? तयार आहे ती."

श्रीपत त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी सुनेकडे बघितलं. 'बघू'चा अर्थ त्यांना माहीत होता. पण घरी आलेल्या माणसासमोर तो अर्थ उघड करायची त्यांचीही रीत नव्हती. ते गप्प राहिले. त्यांचं गप्प राहणं भूपेशला पुरेसं होतं. "मग बुधवारी सकाळी गाडी पाठवतो," म्हणत तो उठला.

"बघू नाय," रंभा म्हणाली. आवाज फाटला होता. "बाबा, बघू नाय. मी जानार नाय."

निधीनं हातातला कप दारातच खाली ठेवला.

"का?" श्रीपतनी विचारलं.

"तिथं एक बाई उभी होती. हातात ट्रे घेऊन. तिला कोनी ठेव म्हनेना, आनि ती ठेवेना. बाबा, तिचे हात कापत होते. मी तिथं गेले तर तशीच उभी राहीन. मला माहितीये, मी तशीच उभी राहीन."

श्रीपत उठले. भूपेशच्या समोर जाऊन उभे राहिले. "हिचा पासपोर्ट दे."

"काका, तो ऑफिसात आहे. उद्या देतो ना आणून."

"मागव."

"आता ऑफिसात कोणी..."

"फोन कर. मागव. तवर बस. निधी, फाटक लाव."

निधीनं जाऊन वाडीचं फाटक लावलं आणि तिथेच उभी राहिली. भूपेशनं आमच्याकडे बघितलं, मोटरसायकलकडे बघितलं, आणि पुन्हा हसून ओट्यावर बसला. फोन लावला. "त्या वटारच्या बाईचा पासपोर्ट घेऊन ये. हो, आत्ता."

आम्ही बसून राहिलो. श्रीपतनी कोणाला पाणी विचारलं नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं असावं. भूपेशचा फोन मधूनमधून वाजे, तो बघे आणि बंद करी. डास उठले. रंभानं ओट्यावरचा दिवा लावला आणि ती टीचरांच्या शेजारी येऊन टेकली.

शेवटी फाटकाशी एक हेल्मेटवाला माणूस आला. घाईत होता. कुठला पासपोर्ट ते शोधत बसण्यापेक्षा त्यानं चेनची अख्खी पिशवीच आणली होती. निधीनं ती फाटकावरूनच घेतली आणि सरळ टीचरांच्या हातात आणून दिली. "अरे, ती इकडे दे," म्हणत भूपेश उठेपर्यंत टीचरांनी चेन उघडली होती.

रंभाचा पासपोर्ट वरच होता. टीचरांनी तो तिला दिला. रंभानं उघडून आपला फोटो बघितला आणि पासपोर्ट ब्लाउजमध्ये खोचला. पिशवी मात्र रिकामी झाली नव्हती. टीचरांनी आतले एकेक काढून दिव्याखाली धरले. शेवटचं पान उलटून पत्ता वाचायचा आणि पासपोर्ट मांडीवर ठेवायचा. राजोडी. कळंब. अर्नाळा. आणखी एक राजोडी. एक पत्ता आमच्या माणिकपूरचाच होता. सगळ्या बायका.

"मावशी," भूपेशनं हात पुढे केला. आवाज तसाच गोड होता. "ते परत द्या. त्यांचं सगळ्यांचं ठरलंय. कोणाला जबरदस्ती नाही. सगळ्या हो म्हणाल्यात."

"कितव्यांदा विचारल्यावर?" टीचर म्हणाल्या.

त्याचं हसू तेव्हा गेलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

टीचरांनी पासपोर्ट पिशवीत भरले, चेन लावली, पिशवी पदराखाली घेतली आणि उठल्या. श्रीपत मध्ये उभे राहिले. निधीनं आमच्यापुरतं फाटक उघडलं. रिक्षावाला बिडी विझवत होता.

फाटकातून बाहेर पडताना मला मागून भूपेशचा आवाज ऐकू आला. तो ओट्याच्या कोपऱ्यात पाठमोरा उभा राहून फोनवर कोणाशी तरी बोलत होता. अगदी शांतपणे, एखाद्याला पत्ता समजावून सांगावा तसा. "माणिकपूरला. हो, स्टँडच्या समोरची गल्ली. तळमजल्यालाच क्लास आहे. म्हातारी एकटीच असते."

मी टीचरांकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं, चेहऱ्यावरून कळत होतं. क्षणभर त्यांनी पदरावरून पिशवी चाचपली. मग रिक्षात बसल्या, सरकून मला जागा केली आणि रिक्षावाल्याला विचारलं, "इथून राजोडी जवळ की कळंब?"

"राजोडी," तो म्हणाला.

"मग आधी राजोडी."